नाश्त्याच्या आधीचं अंदमान

सहलवाल्यांनी दिलेल्या कागदावर सहा दिवसांची एकवीस ठिकाणं होती. त्यात पक्ष्यांचा उल्लेख एकदाच, तोही चिडिया टापू या नावात, आणि पुढे लिहिलेलं 'सूर्यास्त'. सोबत नवरा, सासूबाई, धाकटे दीर-जाऊ आणि त्यांची दोन पोरं. एवढ्या लवाजम्यातून दुर्बीण घेऊन कुठे सटकणार, या विचाराने मी चिपळुणातच अर्धी हरले होते. परत आले तेव्हा वहीत ७२ पक्षी होते, त्यातले १२ अंदमान-निकोबारच्या पलीकडे जवळजवळ कुठेच न सापडणारे, आणि घरच्यांचं एकही ठिकाण चुकलं नव्हतं. ते कसं जमलं ते लिहिते. पक्ष्यांसाठी खास आखलेल्या सहली असतात आणि त्या उत्तमच असतात. पण त्या ज्यांना परवडतात आणि घरातून तेवढी मोकळीक मिळते त्यांच्यासाठी. हे बाकीच्यांसाठी आहे.

नावांचं आधीच सांगून टाकते. २०१८ च्या डिसेंबरात हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. २०२४ च्या सप्टेंबरात पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. कागदावर नवी नावं दिसतील, रिक्षावाल्याच्या तोंडी जुनीच ऐकू येतील. मीही जुनीच लिहिते, सवय.

घड्याळ आपलं, सूर्य त्यांचा

सगळी किल्ली इथे आहे. आपल्या देशाला वेळ एकच, प्रयागराजजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी रेखांशाची. चिपळूण त्याच्या बऱ्याच पश्चिमेला, पोर्ट ब्लेअर तितकंच पूर्वेला, जवळजवळ ९३ रेखांशावर. त्यामुळे तिथे सूर्य आपल्यापेक्षा सुमारे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. फेब्रुवारीत आमच्याकडे सातला सूर्य येतो तेव्हा तिकडे तो चांगला वर आलेला असतो. पावणेसहाच्या आसपास सूर्योदय, सव्वापाचला उजाडायला सुरुवात. मे महिन्यात तर पाचच्या आतच सूर्योदय. आणि संध्याकाळी साडेपाचला कारभार आटोपलेला. डिसेंबरच्या सुरुवातीला पाचच्याही आधी.

हे सूर्याला ठाऊक आहे, पक्ष्यांना ठाऊक आहे, हॉटेलाला मात्र नाही. नाश्ता साडेसातला, गाडी नऊला. म्हणजे उजाडल्यापासून नाश्त्याची शेवटची इडली संपेपर्यंत तुमच्या हातात चक्क तीन तास असतात, आणि त्या वेळात घरचं कुणी तुमची वाट बघत नसतं. पहिल्या दिवशी मी आपल्या हिशोबाने 'पहाटे' साडेसहाला खाली उतरले, तर अंगणात कडक ऊन. तारेवर एक साळुंकी, तीही माणसाने आणून सोडलेली. दुसऱ्या दिवसापासून सव्वाचारचा गजर.

संध्याकाळचंही तेच. सहाला मिट्ट काळोख, जेवण साडेआठला. मधले दोन तास घुबडांचे. त्याबद्दल पुढे.

जायचं कधी, तर जानेवारी ते मार्च. मे महिन्यात पाऊस सुरू होतो तो ऑक्टोबरपर्यंत, आणि नंतरही नोव्हेंबर-डिसेंबरात परतीच्या वाऱ्यांबरोबर सरी येतात. आपण कोकणातली माणसं पावसाला भीत नाही, पण ओल्या जंगलात जळवा लागतात आणि समुद्र खवळला की बोटी रद्द होतात. मग घरच्यांची तोंडं बघवत नाहीत.

निघायच्या आधी

ही बेटं आपल्या भूमीला कधी जोडलेली नव्हती. म्यानमारातली अराकान डोंगररांग समुद्रात शिरते, तिची पाण्यावर राहिलेली टोकं म्हणजे अंदमान. म्हणून पक्ष्यांचं गोत्र पूर्वेकडचं, आणि आपल्याकडचे किती तरी नेहमीचे चेहरे तिथे नाहीतच. तांबट नाही. सातभाई नाहीत. पहिल्या सकाळी मला जंगल चुकल्यासारखं वाटत राहिलं, ते या दोघांच्या आवाजाविना. दुसरी गोष्ट जास्त कामाची. हिमयुगात समुद्राची पातळी शंभराहून अधिक मीटर खाली होती, तेव्हा उत्तर, मध्य आणि दक्षिण अंदमान ही एकच जमीन होती. त्यामुळे इथले खास पक्षी बहुतेक सगळीकडे वाटलेले आहेत. त्यांच्यासाठी उत्तरेकडच्या डिगलीपूरपर्यंत दिवसभर गाडीत बसायची गरज नाही. सहलीच्या कागदावर असलेलं दक्षिण अंदमान पुरतं.

सगळ्या पक्ष्यांचा अभ्यास करून जाऊ नका, डोक्यात राहत नाही. पंधरा-वीस खास पक्ष्यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर आपल्याकडचा भाऊबंद लिहा. मी तसंच केलं. आपला भारद्वाज काळा आणि तपकिरी पंखांचा. अंदमानचा भारद्वाज डोक्यापासून पोटापर्यंत फिकट, ताकातल्या कढीच्या रंगाचा, पंख मात्र तसेच विटकरी. आपला टकाचोर बदामी. त्यांचा गडद राखाडी डोक्याचा, पिवळ्या डोळ्यांचा, आणि लाजरा. आपल्या श्यामाचं पोट नारिंगी, त्यांच्याचं पांढरं. तिलारीकडे दिसतो तो पांढऱ्या पोटाचा मोठा काळा सुतारपक्षी आठवा, आणि त्याचं पांढरं पोटही काळं करून टाका: झाला अंदमानचा सुतार, डोक्यावर लाल तुरा, बाकी कोळसा. असं लिहिलेलं दोन वाचनांत पाठ होतं. या पक्ष्यांना रुळलेली मराठी नावं फारशी नाहीत, म्हणून मी वहीत मनाचीच लिहिली. 'पांढरडोकी मैना' त्यातलीच.

मोबाइलवर पक्ष्यांची माहिती ठेवत असाल तर घरीच उतरवून घ्या. तिथे रेंज असते-नसते, आणि जंगलात नसतेच. मी छापील पुस्तकही नेलं, कारण ते पोरांच्या हातात देता येतं. या बेटांवरच्या पक्ष्यांची नीट जंत्री करणाऱ्यांत मुंबईच्या बीएनएचएसचे, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे, हुमायून अब्दुलअली होते. १९६४ साली संस्थेच्या नियतकालिकातून त्यांची मोठी लेखमाला सुरू झाली. मुंबईतल्या कचेरीत बसून कुणी तरी हे सगळं टाचणांवर उतरवलं असेल, या कल्पनेने मला उगीचच माहेरचं कुणी पुढे गेल्यासारखं वाटलं.

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी आणि पुढची काच बेचाळीस मिलिमीटरची, पुरते; दहा पटीची बोटीत हलते. पण दुर्बिणीपेक्षा महत्त्वाची सूचना पुढे आहे, आणि ती मी एक सुतार गमावून शिकले आहे: रात्री दुर्बीण एसीच्या खोलीत ठेवू नका. गार काच बाहेरच्या दमट हवेत आली की त्यावर दव धरतं, आणि पुसून जात नाही. पाच-दहा मिनिटं थांबावंच लागतं. मी रात्री ती गॅलरीत, पिशवीत बंद करून ठेवू लागले. गॅलरी नसेल तर न्हाणीघर चालेल. कॅमेऱ्यालाही हेच लागू. बोटीतून उतरल्यावर काचेवर मिठाचा थर असतो, तो कोरड्या फडक्याने रगडू नका, आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने टिपा.

चिडिया टापू, सकाळी

पोर्ट ब्लेअरपासून दक्षिणेला साधारण पंचवीस किलोमीटर. सगळे पर्यटक संध्याकाळी जातात, मुंडा पहाडच्या किनाऱ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढतात आणि अंधारात परततात. सकाळी रस्ता रिकामा असतो. आदल्या दिवशी संध्याकाळी गाडी ठरवून ठेवा, पहाटे शोधू नका. आम्हाला दिलेल्या गाडीचे चालक बंगाली होते, देशाच्या फाळणीनंतर पूर्व बंगालातून इथे वसवलेल्या कुटुंबांतले. मी त्यांना दादा म्हणायची, ते मला दीदी. सहलीच्या वेळेआधी वेगळे पैसे देऊन सकाळी याल का, असं सरळ विचारलं. "दीदी, मेनलँडवाले इतक्या लवकर उठत नाहीत," म्हणाले, आणि साडेचारला हजर झाले.

जाताना गाडीतून उतरायची घाई करू नका. झुंजुमुंजू असताना गाडी हळू चालवायला सांगा, काच खाली, दिवे मंद, आणि रस्त्याच्या कडेला नजर. अंदमानची पाणकोंबडी ही मूळची झुडपाआडची, अतिशय बुजरी, पण त्या वेळेला रस्त्याच्या ओल्या कडेला किडे टिपायला येते. गाडी तिला म्हैस वाटत असावी. उतरलेला माणूस मात्र तिला माणूसच वाटतो. आम्हाला ती एका मोरीजवळ दिसली: गडद तांबूस, पोटावर पांढरे पट्टे, हिरवट चोच. दहा सेकंद. दादांनी इंजिन बंद केलं नाही, आणि मला वाटतं त्यामुळेच ती दहा सेकंद थांबली. आवाज अचानक बंद पडला की पक्षी उडतात.

किनारा गाठायच्या आधी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच झाडी आहे तिथे उतरा आणि चाला. अर्धा किलोमीटर पुरे. जास्त चालणाऱ्याला कमी दिसतं. माझा क्रम असा लागला. आधी अंदमानचे कोतवाल, टेलिफोनच्या तारेवर. सोबत मोठे रॅकेटच्या शेपटीचे कोतवालही असतात, म्हणून शेपूट बघूनच नाव लिहा. मग लांब शेपटीचे पोपट, लाल गालांचे, ओरडत डोक्यावरून. मग हिरवी राजकबुतरं, इम्पीरियल पिजन, शेंड्यावर बसलेली. एवढं मोठं कबूतर की पहिल्यांदा शिकारी पक्षी वाटतो. साडेसहाच्या सुमारास वठलेल्या झाडांवर ऊन पडतं आणि तिथे पांढरडोक्या मैना येऊन बसतात. त्या मात्र गावातही दिसतात, तेव्हा त्यांच्यासाठी मान मोडून घेऊ नका.

सुताराची गोष्ट इथलीच, पहिल्या फेरीतली. आधी हसल्यासारखा मोठा आवाज आला, मग खोडावर ठोके. समोरच, पंधरा-वीस पावलांवर, माडाएवढ्या उंचीवर, काळाभोर पक्षी आणि लाल तुरा. मी दुर्बीण लावली आणि मला दुधात बुडवल्यासारखं पांढरं दिसलं. रात्रभर एसीत ठेवलेली. पुसली, पुन्हा पांढरं. पुसली, पुन्हा पांढरं. नुसत्या डोळ्यांनी बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण ते तेव्हा सुचत नाही. दादांनी मात्र आरामात बघून घेतला. "छान होता," म्हणाले. तो मला तीन दिवसांनी हॅवलॉकला मिळाला.

टकाचोर शेवटपर्यंत मिळाला नाही. त्याच्यासाठी मिसळलेल्या थव्यांमागे लागावं लागतं: कोतवाल, निखार, टकाचोर असे सगळे एकत्र खात-खात झाडी पार करतात. थवा आला की रस्ता सोडून आत शिरायचा मोह होतो. शिरू नका. वेत आणि काटे आहेत, आणि पक्षी वीस पावलं पुढेच राहतात. थव्याची दिशा बघून रस्त्याच्या पुढच्या वळणावर जाऊन थांबायचं असतं. मला हे सुचलं तेव्हा थवा गेला होता.

आठला परत फिरा. किनाऱ्यावर मगरींच्या सूचनेचे फलक आहेत, ते शोभेचे नाहीत. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथल्या खाड्यांमधून फिरतात. खाडीच्या तोंडाशी पाय बुडवून उभं राहून पक्षी बघू नका.

सिप्पीघाट

हे ठिकाण कुठल्याच सहलीच्या कागदावर नसतं, आणि शहरापासून अगदी जवळ, वंडूरच्या वाटेवर आहे. वंडूर तर तुमच्या कागदावर असेलच. जाता-येता अर्धा तास मागून घ्या, 'नारळपाणी पिऊ' असं सांगून. मी तेच केलं.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उथळ पाणी, त्यात उभे वाळलेले बुंधे, कडेला खारफुटी. आपल्याकडचं खाजण वाटतं. पण हे खाजण नाही, भातशेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन जवळजवळ मीटरभर खाली गेली आणि उत्तर अंदमानची वर आली. लाट आली आणि ओसरली, पण खचलेल्या शेतांत भरतीचं पाणी रोज येऊ लागलं, ते कायमचंच. दादांनी गाडी थांबवली आणि हाताने दाखवलं: त्या बुंध्यापासून त्या बांधापर्यंत मामाची जमीन. दोन पिकं निघायची. मग म्हणाले, "तुमचं बदक तिकडे बसतं, मामाच्या विहिरीपाशी."

खरंच तिथेच होतं. अंदमानचं बदक, तपकिरी, डोळ्याभोवती पांढरं वलय, काहींच्या गालावर पांढरे ठिपके. सात मोजली. ही बदकं दिवसा खारफुटीच्या सावलीत किंवा बुंध्यांवर ऊन खात बसून राहतात, म्हणून घाई न करता एकेक ओंडका तपासा; पहिल्या नजरेत ती ओंडक्याचाच भाग वाटतात. सोबत गायबगळे, वंचक, शेकाट्या, चिखल्या, तुतवार आणि निळा-पांढरा खंड्या, मानेभोवती पांढरी पट्टी असलेला. हा खंड्या अंदमानात जिथे खारं पाणी तिथे दिसेल. दोन दिवसांनी तुम्ही त्याच्याकडे बघणंही सोडाल.

मी वहीत बदकं लिहिली, पण दादांसमोर 'वा, काय छान जागा' म्हणायला जीभ रेटली नाही. जास्त वेळ हवा असेल तर ओग्राब्राजची पाणथळही अशीच आहे, शहराच्या त्याच अंगाला.

सेल्युलर जेल आणि घुबडं

मराठी माणूस अंदमानला जातो तो आधी इथे येतो. आम्हीही दिवसा दीड तास होतो. १९०६ साली बांधून पुरी झालेली सुमारे सातशे कोठड्यांची इमारत, सात भुजांपैकी तीनच उरलेल्या. वरच्या मजल्यावर सावरकरांच्या कोठडीत सासूबाई चप्पल काढून गेल्या आणि बराच वेळ भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. त्या दीड तासात मी दुर्बीण पिशवीतून काढली नाही. तेवढं पाळा.

संध्याकाळी तिथे ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम असतो आणि घरचे सगळे जातात. मी नाही गेले. सासूबाई म्हणाल्या, "आम्ही सावरकर ऐकू, तू घुबडं ऐक." बोलणं टोचलं, पण रजा मिळाली.

घुबडांसाठी एकट्याने जाऊ नका. इथे स्थानिक वाटाडे घ्याच, आणि सहलीतला जास्तीचा खर्च एकदाच करायचा असेल तर तो यावर करा. पोर्ट ब्लेअरमध्ये पक्षी दाखवणारी स्थानिक मुलं आहेत, हॉटेलात नाही तर इतर पक्षीनिरीक्षकांकडे विचारून जायच्या आठवडाभर आधी बोलून ठेवा. अंधारात कुठल्या वळणावर कोण बसतं हे त्यांना घरातल्या माणसांसारखं माहीत असतं. आम्ही सहाला निघालो, आठला परत. अंदमानचं छोटं शिंगवालं घुबड, मुठीएवढं, वेलीच्या गुंत्यात. आणि ह्यूमचं हॉक आउल: नखशिखांत गडद चॉकलेटी, फक्त दोन पिवळे डोळे. त्याचा भाऊ अंदमान हॉक आउल, छातीवर तांबूस रेघा असलेला, फक्त ऐकला. 'ह्यूमचं' म्हणजे काँग्रेस स्थापनेतले तेच ॲलन ह्यूम. १८७३ साली ते पक्षी गोळा करायला या बेटांवर येऊन गेले होते, काँग्रेसच्या बारा वर्षं आधी. शाळेत आपण त्यांचं अर्धंच आयुष्य शिकतो.

काही वाटाडे मोबाइलवर आवाज लावून घुबड बोलावतात. एकदा, थोडा वेळ, ठीक. तेच झाड, तोच आवाज, रोज नवे पर्यटक असं झालं तर ते बिचारं आपलं घर राखण्यात रात्र घालवतं आणि उपाशी राहतं. आधीच सांगून ठेवा की मला फोटो नाही मिळाला तरी चालेल. वाटाड्यालाही ते ऐकून सुटल्यासारखं वाटतं, असा माझा अनुभव.

बोट, हॅवलॉक, नील

खासगी जलद बोटी वातानुकूलित, खिडक्या बंद, आत मोठ्याने गाणी. समुद्र दिसतो, पक्षी दिसत नाहीत. सरकारी बोटीला वेळ जास्त लागतो पण डेकवर उभं राहता येतं. सहलवाले खासगी बोटच काढतात. निदान एका फेरीला सरकारी मिळते का ते आधी बघायला सांगा. आम्ही परतताना घेतली. सुरय पक्षी, उडते मासे, आणि जेट्टीजवळ पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड. तो आमच्या गुहागर-दापोलीकडेही दिसतो, म्हणून नवऱ्याने मोठ्या ऐटीत सगळ्या डेकला ओळख करून दिली.

हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्यावर पोचलात की सगळे समुद्राकडे तोंड करतात. तुम्ही पाठ करा. किनाऱ्याला लागूनच प्रचंड जुनी झाडी आहे, आणि साडेपाच ते सात तिथे माणूस नसतो. माझा गमावलेला सुतार तिथे मिळाला, नर-मादी दोन्ही. मादीच्या कपाळावर लाल रंग नसतो, तुऱ्यातच असतो. डोंगरी मैना, पाचू होला आणि एकदा झाडीवर घिरट्या घालणारा अंदमानचा सर्पगरुड, आपल्यापेक्षा बराच काळसर.

नीलवर उलटं. तिथे जंगलापेक्षा शेतं आणि भाजीचे मळे, आणि ओहोटीला उघडी पडणारी खडकाळ पुळण. भरती-ओहोटीच्या वेळा जेट्टीवर किंवा स्कूबा डायव्हिंगवाल्यांच्या दुकानात विचारा. ओहोटीला पोरं खडकांच्या डबक्यांत मासे बघतात, तुम्ही त्याच वेळेला रीफ हेरॉन बघा: एकाच जातीचा बगळा, कधी राखाडी-काळा, कधी शुभ्र. पोरांना मी सांगितलं की दोन्ही एकच, तर धाकटा म्हणाला, "मग काकू, शर्ट बदलतो का?" नाही, जन्मभर एकच रंग, पण मला त्याचा प्रश्न आवडला.

रॉस बेटावर मोर आणि चितळ दिसतील. बाहेरून आणून सोडलेले. सासूबाईंनी मोर दाखवला तेव्हा मी वहीत लिहिला, त्यांच्या समाधानासाठी. ७२ मध्ये धरलेला नाही.

न केलेलं बरं

बाराटांगची सहल मी सोडायला सांगेन. तो रस्ता जारवा या आदिवासी लोकांच्या राखीव जंगलातून जातो, गाड्या ताफ्याने जातात, थांबायला आणि फोटो काढायला कायद्याने बंदी आहे. म्हणजे पक्षी बघायला मिळत नाहीतच, आणि गाडीतले बाकीचे ज्यासाठी खिडकीला नाक लावून बसतात ते मला बघवलं नाही. तिकडच्या गुहांतल्या पाकोळ्यांची गोष्ट मात्र माहीत असू द्या. या पाकोळ्या नुसत्या लाळेचं पांढरं घरटं करतात, त्याचं चिनी सूप होतं, त्यामुळे घरटी लुटून त्या संपत आल्या होत्या. कोइम्बतूरच्या सॅकॉन या पक्षी-संशोधन संस्थेचे डॉ. रवी शंकरन यांनी घरटी काढणाऱ्यांनाच राखणदार केलं. ते २००९ साली अकाली गेले. तुम्हाला त्यांच्या भाऊबंद पाकोळ्या, चकचकीत पाठीच्या आणि पांढऱ्या पोटाच्या, पोर्ट ब्लेअरच्या बाजारात वर बघितलं तरी दिसतील.

निकोबारचा बराचसा भाग पर्यटकांना खुला नाही. नारकोंडमचा धनेश तर नारकोंडम नावाच्या सात चौरस किलोमीटरही नसलेल्या एकाच बेटावर आहे आणि तिथे जायची सोय नाही. कुणी दाखवतो म्हणालं तर पैसे देऊ नका. शिंपले, पोवळ्यांचे तुकडे पिशवीत टाकू नका. विमानतळावर तपासतात, आणि पोरांनी लपवलेलं असलं तरी दंड आईबापांनाच होतो.

घरच्यांचं काय करायचं

रोज सकाळी पळालात तर तिसऱ्या दिवशी तोंडं वाकडी होतात. म्हणून एखादी सकाळ सगळ्यांना द्या. मी नीलवर दोन्ही पोरांना नेलं, आणि एकाच अटीवर: पक्ष्याचं नाव सांगणार नाही, त्यांनी रंग सांगायचा, मी शोधून द्यायचं. नावं लादली की पोरं कंटाळतात. नऊच्या गाडीला मी एकदाही उशीर केला नाही, तेही लक्षात राहतं लोकांच्या. आणि आदल्या रात्री कपडे, बूट, पाण्याची बाटली दाराशी काढून ठेवा. नवऱ्याला सव्वाचारला दिवा लागलेला चालत नाही, कुणालाच चालत नसेल.

शेवटच्या दिवशी विमान दुपारचं होतं. मी उठले तर सासूबाई आधीच गॅलरीत, शाल घेऊन, रिसेप्शनवरून चहा मागवून बसलेल्या. समोर तारेवर चार पांढरडोक्या मैना. त्यांना दुर्बीण दिली. बराच वेळ लावून बसल्या, काच फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "यातली ती टोकाची आहे ना, ती माझ्या वयाची दिसते. बाकीच्या बडबडतायत, ती नुसती बघतेय." आणि दुर्बीण परत दिली नाही, विमानतळाची गाडी येईपर्यंत.

चिपळुणात आल्यावर चार दिवस मला साडेचारला जाग येत राहिली. बाहेर काळोख, कुत्री सुद्धा झोपलेली. पाचव्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर उठले, सात वाजता, आणि मागच्या उंबरावर तांबट सुरू झाला होता.